श्वेडागोन पॅगोडा

म्यानमारमधील यांगून शहरातल्या सिंगुत्तरा टेकडीवरचा सोन्याने मढवलेला बौद्ध स्तूप. उंची सुमारे 99 मीटर. तपुस्स आणि भल्लिक या व्यापारी बंधूंनी आणलेले बुद्धांचे आठ केस इथे पुरले आहेत, अशी श्रद्धा आहे. आजची उंची 1768 च्या भूकंपानंतर सिनब्यूशिन राजाने केलेल्या बांधकामातून आली.

स्तूप भरीव आहे. गाभारा नाही, आत जायला दारही नाही. 2009 मध्ये खुला झालेला मुंबईजवळचा गोराईचा विपश्यना पॅगोडा याच घडणीचा, पण आतून पोकळ. तो पाहिलेला माणूस इथे हमखास दार शोधतो. वरच्या भागावर सोन्याचे पत्रे ठोकलेले आहेत, खाली वर्ख. वर्ख ऊनपावसाने झिजतो, म्हणून दर काही वर्षांनी नवा चढवतात. त्या काळात स्तूपाभोवती बांबूची परांची आणि चटया असतात, सोने फारसे दिसत नाही. केवळ फोटोसाठी जाणाऱ्याने आधी चौकशी केलेली बरी.

चार दिशांना चार छतबंद जिने आहेत. चपला पहिल्याच पायरीशी काढायच्या. मोजेही चालत नाहीत. त्या तिथेच ठेवून दुसऱ्या जिन्याने उतरले, तर अनवाणी अर्धी टेकडी वळसा पडतो. पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दुपारी संगमरवर तापून तळवे भाजतात आणि पावसात तोच घसरडा होतो. अंथरलेल्या पट्ट्यांवरूनच चालावे. पहाट किंवा संध्याकाळ सोयीची.

प्रदक्षिणा स्तूप उजव्या हाताला ठेवून. वाटेत जन्मवाराची आठ ठाणी लागतात, प्रत्येकाचा एक प्राणी. वार सात, ठाणी आठ, कारण बुधवार दुभागलेला आहे: सकाळचा सुळेवाला हत्ती दक्षिणेला, दुपारनंतरचा बिनसुळ्यांचा वायव्येला, आणि हा दुसरा राहूचा. रविवारचा गरुड ईशान्येला, सोमवारचा वाघ पूर्वेला, मंगळवारचा सिंह आग्नेयेला, गुरुवारचा उंदीर पश्चिमेला, शुक्रवारचा गिनीपिग उत्तरेला, शनिवारचा नाग नैर्ऋत्येला. आपल्या वाराच्या ठाण्यावरील बुद्धमूर्तीवर पेल्याने पाणी घालतात; वयाइतके पेले आणि वर एक, असाही रिवाज आहे. तारीख सर्वांना पाठ असते, वार नसतो. तो घरूनच काढून न्यावा. बुधवारी जन्मलेल्यांनी वेळही.

चौथऱ्यावरच्या महागंध घंटेचे वजन सुमारे 23 टन. 1825 मध्ये इंग्रजांनी ती पळवली, पण नदीत बुडाली. त्यांना ती काढता आली नाही; बर्मी लोकांनी बांबू बांधून तरंगवली आणि परत आणली. दुसरी, थारावडी राजाची, 1841 ची, सुमारे 42 टनांची.

शिखरावरच्या हिऱ्याचे वजन 76 कॅरेट. अंधार पडल्यावर चौथऱ्यावरच्या ठरावीक जागांवरून त्याची चमक दिसते. तिथे उभे राहून पाऊलभर पुढेमागे सरकले की ती हिरवी, लाल, नारिंगी होते. जागा माहीत नसेल, तर वर बघत घोळक्याने उभे असलेले लोक शोधावेत.