नवा दवाखाना आणि परवानग्यांचे थर

गावाला आरोग्य केंद्र मिळायचं की नाही, हे आधी लोकसंख्येवर ठरतं. या हिशोबाची सुरुवात १९४६ च्या भोर समितीपासून होते. तिने ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं होतं. आजचा निकष सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० चा आहे. उपकेंद्राला ५,००० व ३,००० लोक लागतात, ग्रामीण रुग्णालयाला १,२०,००० व ८०,०००. याच आकड्यांवरून राज्याचा बृहत् आराखडा, म्हणजे कुठे कोणतं केंद्र उभारायचं त्याची यादी, बनतो, आणि त्यात नाव नसलेल्या गावाची फाईल सहसा हलत नाही. २०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळे हिशोब २०११ च्या आकड्यांवरच अडून राहिला. बुटीबोरीसारख्या औद्योगिक पट्ट्यात त्यानंतर वाढलेली वस्ती त्यात दिसतच नाही. गडचिरोलीत याच्या उलट. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, पण लोकसंख्येच्या तक्त्यात नदीसाठी रकाना नाही.

आकडा बसला की जागेचा प्रश्न येतो, आणि पूर्व विदर्भातल्या फायली सगळ्यात जास्त इथेच कुजतात. ग्रामपंचायत ठराव घेते: ‘आरोग्य केंद्रासाठी जागा देण्यास हरकत नाही.’ एवढंच लिहिलं तर प्रस्ताव परत आलाच म्हणून समजा. ठरावात खसरा किंवा गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा हवी. सोबत सातबारा आणि मोजणीचा नकाशा. पटवाऱ्याकडून सातबारा आला की कळतं, जमीन ‘झुडपी जंगल’ आहे. ही नोंद जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरातून आलेली. विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, दप्तरही सोबत आलं. गुरं चारायची, काडी-सरपण आणायची पडीक जमीन असं गाव तिला समजत आलं, पण १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिच्यावर बांधायला केंद्र सरकारची मान्यता लागू लागली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचं स्पष्ट केलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना त्यात सवलत आहे. नव्या इमारतीला तिचा उपयोग नाही.

वनजमिनीसाठी एक जवळची वाट २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे, आणि ती पुरेशी वापरली जात नाही. कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी यांच्या यादीत दवाखानाही आहे. जागा एक हेक्टरच्या आत, झाडतोड हेक्टरी ७५ च्या वर नाही, आणि ग्रामसभेची शिफारस, या अटी. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जातो, तो जागा पाहून अहवाल देतो, मान्यता विभागीय वन अधिकारी देतो. दिल्लीला जावं लागत नाही. पण शिफारस ग्रामसभेचीच लागते, ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव चालत नाही. आणि गणपूर्ती निम्म्या सदस्यांची. पेरणीच्या दिवसांत सभा बोलावली की ती इथेच पडते.

जागेनंतर इमारतीची प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. हे सरळ आहे. अडतं ते पदनिर्मितीपाशी. डॉक्टर, परिचारिका, औषध निर्माण अधिकारी यांच्या पदांचा प्रस्ताव वेगळा जातो आणि त्याला वित्त विभागाची सहमती लागते. रंग दिलेली, कुलूप लावलेली नवी इमारत दिसली की आधी पदांचा आदेश निघाला का ते विचारावं.

खासगी दवाखान्याचा इतिहास निराळा. शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीचा कायदा मुंबई प्रांताने १९४९ मध्ये केला तेव्हा विदर्भ त्या प्रांतात नव्हताच. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही, म्हणून आजही त्याच जुन्या कायद्याखाली नोंदणी होते. २०२१ मध्ये नियम बदलले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली, आणि अग्निसुरक्षेच्या कागदाला खरं वजन आलं. अग्निसुरक्षेचा कायदा २००६ चाच होता: परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दर जानेवारी आणि जुलैत नमुना ब, म्हणजे आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा.

सोनोग्राफी हा सगळ्यात चिवट थर. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानावर १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी पाच वर्षांची, आणि ती ठरावीक जागेची व यंत्राची. दुरुस्तीसाठी यंत्र शेजारच्या इमारतीत हलवायचं तरी ३० दिवस आधी कळवावं लागतं. २०१२ पासून एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच केंद्रांवर नोंद करता येते. शहरात ही अट जाणवत नाही. जिथे तीन तालुक्यांत मिळून एकच सोनोग्राफी जाणणारा डॉक्टर आहे, तिथे तिसऱ्या तालुक्यातलं यंत्र आच्छादन घालून ठेवलेलं असतं, आणि गरोदर बाई काळीपिवळीने जिल्ह्याच्या ठिकाणी जाते.