मिडरेंज संगणकाची दूरस्थ जोडणी

कंपनीच्या आवारातल्या मिडरेंज संगणकावर बाहेरगावच्या कर्मचाऱ्याला इंटरनेटवरून काम करता यावे यासाठी केलेली व्यवस्था. मिडरेंज हा मेनफ्रेमपेक्षा (बँकांसारख्या मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकापेक्षा) लहान, पण एकाच वेळी शेकडो माणसांचे काम ओढणारा वर्ग. त्यातले सर्वांत ओळखीचे घराणे आयबीएमचे: सिस्टिम/३६ व सिस्टिम/३८ यांच्या पाठोपाठ २१ जून १९८८ रोजी एएस/४०० जाहीर झाले. नावे बदलत गेली; २००८ पासून त्याची कार्यप्रणाली ‘आयबीएम आय’ म्हणून पॉवर सर्व्हरवर चालते. जुनी मंडळी अजूनही ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात. स्टॉक, डिस्पॅच, बिलिंग, पगार ही कामे अशा यंत्रावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात, म्हणून ते सहसा कोणी बदलत नाही.

मराठवाड्यात या व्यवस्थेची गरज सहज लक्षात येते. कारखाने वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत. पण ऑर्डर घेणारा माणूस उदगीरला, वसुलीवाला नांदेडला आणि हिशेब तपासणारा अंबाजोगाईला घरी बसलेला. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणे अनेक ठिकाणी रुळले.

पूर्वी टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, ट्विनॅक्स या जाड केबलने थेट यंत्राला जोडलेले असे, आणि दूरच्या शाखेसाठी लीज लाइन (भाड्याने घेतलेली स्वतंत्र तार) किंवा मोडेम लागे. आता टर्मिनलची जागा लॅपटॉपवरच्या एम्युलेटरने, म्हणजे टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने, घेतली आहे. तो ५२५० पद्धतीचा (आयबीएमच्या जुन्या टर्मिनलसारखा, नुसत्या अक्षरांचा) पडदा टेलनेट या दूरस्थ जोडणीच्या पद्धतीने दाखवतो. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिचा हलकेपणा. नेहमीच्या पडद्यावर २४ ओळी आणि ८० रकाने, म्हणजे फार तर १,९२० अक्षरे. शिवाय दर कळीला काही पाठवले जात नाही, एंटर किंवा फंक्शन की दाबल्यावर भरलेली माहिती एकदम जाते. त्यामुळे जिथे व्हिडिओ कॉल अडखळतो तिथेही चलनाची नोंद व्यवस्थित होते. ‘आमच्या गावात नेट स्लो आहे, हे जमायचे नाही’ ही भीती म्हणूनच बहुधा अनाठायी असते.

खरी अडचण वेगाची नसून लाइन तुटण्याची असते. लाइट गेली, राउटर बंद पडला, कर्मचाऱ्याने मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की आयपी पत्ता (इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक) बदलतो आणि चालू सेशन, म्हणजे यंत्राशी सुरू असलेली जोडणी, तुटते. यंत्राला हे लगेच कळत नाही. काही मिनिटे ते जुने सेशन जिवंतच धरून चालते. नंतर त्याची नेहमीची सेटिंग असेल तर जॉब (त्या कर्मचाऱ्याचे यंत्रावर चालू असलेले काम) बंद न करता बाजूला ठेवला जातो, आणि त्याच यूजरने त्याच डिव्हाइस नावाने (यंत्र त्या पडद्याला ज्या नावाने ओळखते त्याने) पुन्हा साइन-ऑन केले तर काम सोडले होते तिथूनच मिळते. पण एम्युलेटरमध्ये नाव ठरवून दिलेले नसेल, तर यंत्र क्यूपॅडेव्हने सुरू होणारे कोणतेही मोकळे नाव देते. मग जुना जॉब तसाच लटकतो, त्याने उघडलेली नोंद इतरांसाठी बंद (लॉक) राहते आणि तिकडे डिस्पॅचवाल्याला तेच चलन उघडत नाही. प्रत्येक दूरस्थ कर्मचाऱ्याला स्वतःचे ठरलेले डिव्हाइस नाव देणे हे लहानसे काम आहे, पण रोजची कटकट त्यानेच वाचते. बाजूला ठेवलेले जॉब किती वेळाने संपवायचे हे क्यूडीएससीजॉबआयटीव्ही या सिस्टिम व्हॅल्यूने, म्हणजे संपूर्ण यंत्राला लागू असलेल्या सेटिंगने, ठरते. मूळ मुदत २४० मिनिटांची असते आणि ती बहुतेक ठिकाणी कमी करावी लागते.

सुरक्षेच्या बाबतीत एक गोष्ट कधीच करू नये: फायरवॉलवर पोर्ट २३ (टेलनेटचे ठरलेले प्रवेशद्वार) थेट इंटरनेटला उघडणे. साध्या टेलनेटमध्ये यूजर आयडी आणि पासवर्ड उघडेच जातात; ते एब्सिडिक या आयबीएमच्या अक्षरसंकेतात असतात एवढ्याने ते लपत नाहीत. टीएलएसवरचे, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवणारे, टेलनेट पोर्ट ९९२ वर चालते आणि त्याचे प्रमाणपत्र यंत्रातल्याच डिजिटल सर्टिफिकेट मॅनेजरमधून लावता येते. तरीही ते पोर्ट जगाला दाखवण्यापेक्षा आधी व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कपर्यंतची बंदिस्त वाट), त्यावर ओटीपी आणि आत टीएलएस हा क्रम योग्य. ‘ठरावीक आयपीवरूनच प्रवेश द्या’ हा उपाय मोबाइल नेटवर चालत नाही, कारण तिथे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. २०२५ मध्ये आलेल्या आयबीएम आय ७.६ मध्ये दुहेरी ओळख पटवण्याची सोय कार्यप्रणालीतच आहे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते मेनूच्या पलीकडे. अनेक कंपन्यांत सुरक्षा म्हणजे मेनू: वसुलीवाल्याला वसुलीचाच मेनू दिसतो, कमांड टाइप करण्याची क्षमता मर्यादित केलेली असते आणि सगळे निश्चिंत असतात. टर्मिनलच्या काळात ते पुरेसे होते. पण दूरस्थ कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर एम्युलेटरसोबत बऱ्याचदा ओडीबीसी ड्रायव्हरही (दुसऱ्या प्रोग्रॅममधून थेट डेटाबेस उघडून देणारा) बसवला जातो, आणि एक्सेलमधून जोडणी केली की मेनू आडवा येतच नाही. फाइलवर सर्वसामान्यांना बदलाचा अधिकार असेल, तर ग्राहकांची यादी, दर, पगार सगळे त्याच्या शीटमध्ये उतरते. इतकेच नव्हे, तिथून बदलताही येते. फाइलसारखी नवी वस्तू (ऑब्जेक्ट) तयार करताना मूळ सेटिंग हाच अधिकार देते, त्यामुळे जुन्या यंत्रांवर ही स्थिती सर्रास आढळते. बाहेरची जोडणी देण्याआधी फाइलनिहाय अधिकार तपासावेत, एफटीपी (फाइल पाठवण्याची सोय) लागत नसेल तर बंद करावे आणि ओडीबीसीसारख्या वाटांवर एक्झिट प्रोग्रॅम, म्हणजे प्रत्येक मागणी तपासून सोडणारे पहारेकरी, बसवावेत. हे काम कंटाळवाणे असते, पण ते टाळून घेतलेला कितीही महागडा फायरवॉल आतल्या माणसापुढे निरुपयोगी ठरतो.

चुकीचे पासवर्ड किती वेळा चालतील हे क्यूमॅक्ससाइन ही सिस्टिम व्हॅल्यू ठरवते. मर्यादा ओलांडल्यावर प्रोफाइल (यूजरचे खाते) बंद होईल अशी सेटिंग असेल, तर उघड्या पोर्टवर बाहेरचा कोणीही नावे टाकून सगळ्या कर्मचाऱ्यांना कामाबाहेर ठेवू शकतो. क्यूसेकऑफर हे सर्वाधिकार असलेले मुख्य प्रोफाइल बंद पडले तरी सिस्टिम कन्सोलवरून (यंत्राच्या स्वतःच्या मुख्य पडद्यावरून) साइन-ऑन होते. दूरच्या माणसाने मात्र ते वापरूच नये.

लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय केले याची नोंद, ठेवणे कायद्यानेही आवश्यक आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. आयबीएम आयवर ही नोंद क्यूऑडजेआरएन या जर्नलमध्ये होते, परंतु ऑडिटिंग मुद्दाम सुरू केलेले असेल तरच.