गोळी लागली, तरी सावज का निसटते?

ठासणीच्या बंदुकीतली गोळी शिशाची, जाड आणि संथ असे. मऊ शिसे हाडावर आपटले की पसरायचे. तिच्या घडणीवर वाद घालण्यासारखे फारसे काही नव्हते. १८८६ मध्ये फ्रान्सची लेबेल रायफल बिनधुराच्या दारूसह आली आणि वेग एकदम वाढला. उघडे शिसे त्या वेगाला नळीतच घासून निघे, म्हणून गोळीला धातूचे कवच चढले.

आता उलटी अडचण. कवचाची गोळी न पसरता बारीक भोक पाडून आरपार जाई. वायव्य सरहद्दीवर ब्रिटिश फौजेची हीच तक्रार होती. त्यावर कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी निघाली. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई केली. शिकारीत मात्र अशीच उघड्या टोकाची 'सॉफ्ट नोज' गोळी रूढ झाली, कारण तिथे सावज चटकन मरणे हीच त्यातल्या त्यात दया. हत्तीची गोष्ट वेगळी: मेंदूपर्यंत पोचायला न फुलणारी 'सॉलिड'च लागे.

पुढे जास्त वेगाची मॅग्नम काडतुसे आली आणि सॉफ्ट नोज जवळच्या बाराला खोल न जाता वरवरच फुटू लागली. १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात अमेरिकी शिकारी जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूस या थोराड हरणाच्या अंगात खोल गेल्याच नाहीत. त्यांनी कवचाच्या मधोमध आडवी भिंत घातली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. ही 'पार्टिशन' गोळी १९४८ पासून विकली जाऊ लागली.

तरीही फसलेली गोळी कोणती, यावर शिकाऱ्यांचे एकमत नाही. कवच आणि शिसे वेगळे झाले, पण हरीण जागीच पडले, तर तक्रार कशाची? माझ्या मते निकाल जखमेवरून लावावा. किती शाबूत राहिली ते पाहायला सावजातून काढलेल्या गोळीचे वजन करत बसणारे एक विसरतात: आरपार गेलेली गोळी हाती लागतच नाही. आणि कित्येकदा दोष नेमाचा असतो, शिव्या गोळीला पडतात.

अलीकडे शिशाची जागा तांबे घेत आहे. शिशाचे कण पोटात गेल्याने कॉन्डोर गिधाडे मरत, म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. तांबे मात्र कडक. लांबच्या बारात वेग उतरला की ते नीट फुलत नाही, म्हणून शिकारी थोडी हलकी गोळी घेऊन वेग राखतात.