आधीच चावून ठेवलेला घास

१९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सफरचंदांवरचा एक प्रयोग छापून आला. दहा धडधाकट माणसं. त्यांना एकदा सफरचंदाच्या फोडी दिल्या, एकदा सफरचंदं घोटून केलेला गर आणि एकदा चोथा काढून टाकलेला रस. तिन्ही वेळा पोटात जाणारी पचण्याजोगी कर्बोदकं सारखीच, ६० ग्रॅम. रस फोडींपेक्षा ११ पट वेगानं संपला, यात नवल काहीच नाही. गंमत पुढे आहे. तिन्ही गोष्टी मुद्दाम एकाच गतीनं खायला लावल्या, तरीही रसानं पोट सर्वांत कमी भरलं, गरानं त्याहून बरं आणि फोडींनी सर्वांत जास्त. रक्तातली साखर तिन्ही वेळा साधारण तेवढीच चढली. पण रसानंतर ती उतरताना एकदम घसरली, गरानंतर थोडी घसरली आणि फोडींनंतर तसं झालंच नाही.

रसाचं समजू शकतो, त्यात चोथाच नव्हता. पण गराचं काय? त्यातून काही काढलं नव्हतं. फोडींमध्ये होतं ते सगळं गरातही होतं, फक्त मोडलेलं.

पाकिटामागच्या पोषणाच्या तक्त्यात हे मोडणं कुठेच दिसत नाही. तिथे प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, साखर, मीठ यांचे आकडे असतात आणि आपणही ‘चांगलं खायचं’ ठरवलं की ते आकडे वाचत बसतो. घर किती विटांचं आहे एवढंच मोजायचं आणि भिंती उभ्या आहेत की ढिगारा झालाय हे पाहायचंच नाही, असा हा प्रकार.

बदामाचंच घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची प्रत्येक पेशी एका बंद खोलीसारखी दिसते, चहूबाजूंनी भिंत आणि आत तेलाचे थेंब. आपण बदाम चावतो तेव्हा त्याचे तुकडे होतात, पण तुकड्यांच्या आतल्या बहुतेक खोल्या बंदच राहतात. आपल्या पाचकरसांना त्या भिंती फोडता येत नाहीत. त्यामुळे आतलं थोडं तेल जसंच्या तसं मोठ्या आतड्यापर्यंत जातं आणि बाहेर पडतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली हे मोजलं. २८ ग्रॅम बदामांत कागदोपत्री १७०च्या आसपास कॅलरी असतात, शरीराच्या हाती लागल्या सुमारे १२९. नंतर त्यांनी बदाम वाटून केलेलं लोणी तपासलं, तर कागदावरचा आकडा जवळपास खरा ठरला. जात्यानं सगळ्या खोल्या आधीच उघडून दिल्या होत्या.

अन्न मोडण्याचं काम कुणाला तरी करावं लागतंच. प्रश्न इतकाच की ते दात आणि आतडी करणार की कारखाना.

इथे एक खडा वेचून बाजूला टाकायला हवा. ‘क्लीन ईटिंग’ हा शब्द मला आवडत नाही. त्याची शास्त्रीय व्याख्या नाही, आणि एक अन्न ‘स्वच्छ’ म्हटलं की दुसरं आपोआप ‘घाणेरडं’ ठरतं; मग बिस्किट खाल्लेला माणूस उगाच अपराध्यासारखा वागू लागतो. शिवाय प्रक्रिया म्हणजे वाईट, हे तर साफ चूक आहे. राजमा नीट उकळला नाही तर त्यातली लेक्टिन नावाची प्रथिनं पोट बिघडवतात. टोमॅटो शिजवल्यावर त्याला लाल रंग देणारं लायकोपीन शरीराला जास्त मिळतं. मक्याची गोष्ट तर जुनी आहे. मेक्सिको आणि आसपासचे लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत, त्यामुळे त्यातलं नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व मोकळं होई. युरोपानं मका उचलला, चुना मागेच राहिला, आणि गरिबांमध्ये पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग पसरला. तिथे घात झाला तो प्रक्रिया न केल्यामुळे.

म्हणूनच ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली वेगळी वाट धरली. ‘नोव्हा’ या त्यांच्या वर्गीकरणात अन्नाचे चार गट पडतात. मूळ रूपात किंवा त्याच्या जवळपास असलेलं अन्न, मग स्वयंपाकाला लागणारं तेल, मीठ, साखर, मग या दोन्हींपासून केलेले ब्रेड-चीजसारखे साधे टिकाऊ पदार्थ, आणि चौथा गट ‘अल्ट्रा-प्रोसेस्ड’, म्हणजे अतिप्रक्रिया केलेलं. या चौथ्या गटात अन्नाचे आधी सुटे भाग करतात. स्टार्च वेगळा, प्रथिन वेगळं, तेल वेगळं. मग रंग, स्वाद आणि तेल-पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर घालून ते पुन्हा जोडतात. वर्गीकरणावर टीकाही बरीच होते आणि ती सगळीच चुकीची नाही. भरपूर कोंडा असलेला कारखान्यातला पाव आणि रंगीत सरबत एकाच टोपलीत पडतात, हे पटण्यासारखं नाही.

पण मग हा गट खरोखर काही करतो का? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवून हे पाहिलं. दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड, दोन आठवडे जवळपास मूळ रूपातलं अन्न. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश आणि चोथा दोन्हीकडे जुळवलेला, आणि हवं तेवढं खायची मुभा. चोथा जुळवताना त्यांची पंचाईत झाली. कारखान्यातल्या पदार्थांत तो इतका कमी की शेवटी सरबतात विरघळणारा चोथा मिसळून द्यावा लागला! २०१९ साली निकाल छापून आला. अल्ट्रा-प्रोसेस्ड ताटावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलो वाढलं आणि दुसऱ्या आहारावर तेवढंच उतरलं.

चव हे कारण नव्हतं, दोन्ही जेवणं लोकांना सारखीच आवडली होती. फरक दिसला तो वेगात. मऊ, कोरडं, घासागणिक जास्त कॅलरी असलेलं अन्न भराभर खाल्लं गेलं. ‘आता पुरे’ असं मेंदूला कळवणारी पीवायवायसारखी संप्रेरकं प्रामुख्यानं आतड्याच्या खालच्या भागात तयार होतात. तिथून निरोप वर जाईपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं. वेग हेच सगळं कारण आहे असं या प्रयोगानं सिद्ध होत नाही, पण संशयाची सुई तिकडे आहे.

ब्रिटनमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ साली आले आणि त्यांनी चित्र थोडं गुंतागुंतीचं केलं. ५५ माणसं, प्रत्येक आहारावर आठ आठवडे, आणि दोन्ही आहार सरकारी पोषण-शिफारशींना धरून. वजन दोन्हीकडे उतरलं. कमी प्रक्रियेच्या आहारावर सुमारे २ टक्के, अल्ट्रा-प्रोसेस्डवर सुमारे १ टक्का. म्हणजे पाकिटातलंही विचार करून निवडलं तर आकाश कोसळत नाही.

मग बदल करायचा तर सुरुवात कुठून करायची? माझं मत विचाराल तर पेल्यापासून. गोड पेयात चावण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे पोटाला हिशेबच लागत नाही. रसाऐवजी फळ, फळाच्या स्वादाच्या दह्याऐवजी साधं दही आणि त्यात चिरलेलं फळ, एवढ्यानं बरंच साधतं. गोठवलेल्या मटारांना नाकं मुरडू नका. तोडणीनंतर काही तासांत गोठवलेल्या दाण्यांत क जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकून असतं. चार दिवस टोपलीत पडलेल्या ‘ताज्या’ शेंगांना तेवढंही जमत नाही.

पाकीट घ्यायचंच असेल तर पुढचं चित्र सोडून मागची बारीक अक्षरं वाचावीत. बहुतेक देशांत घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. ओटच्या बिस्किटात ओट चौथ्या क्रमांकावर आणि साखर दुसऱ्या, असं दिसलं की ते बिस्किट कशाचं आहे ते कळतं. ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप अशी साखरेच्याच जातकुळीतली वेगवेगळी नावं एकाच यादीत विखुरलेली असतील तर त्यांची मनातल्या मनात बेरीज करावी.

पहिले काही आठवडे सगळं अळणी लागतं आणि बरेच जण तिथेच माघार घेतात. जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांत बदलतात खऱ्या, पण सवय इतक्या लवकर जात नाही. कमी मीठ खाणाऱ्यांवर १९८०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत आवडीची पातळी खाली यायला दोन-तीन महिने लागले. मी हे वाचलं होतं तरी विश्वास ठेवला नव्हता. मग एकदा कपाटात मागे राहून गेलेलं सूपचं पाकीट सापडलं, पूर्वी मिटक्या मारत प्यायचो तेच. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घातलं आणि दुसऱ्या चमच्याला उठून आणखी एक पेला ओतला. तरी खारटच लागत होतं.