रस्त्यावरची चिन्हे आणि आठवी पासची अट

कच्च्या लायसनच्या परीक्षेची आज जी चर्चा होते ती बहुतेक घरबसल्या चाचणीची. त्याआधीचा वाद मात्र विसरला गेला आहे. रस्त्यावरची चिन्हे ओळखायला चालक शाळेत गेलेला असायला हवा का, हा तो वाद. आपल्याकडे बारा वर्षे नियमाचे उत्तर ‘हो’ असे होते, निदान धंद्याची गाडी चालवणाऱ्यांपुरते.

चिन्हांचा जन्म नेमका उलट गरजेतून झाला. १९०९ साली पॅरिसला झालेल्या करारात अवघी चार चिन्हे होती : उंचवटा, वळण, चौरस्ता आणि रेल्वे फाटक. मोटारी सरहद्दी ओलांडू लागल्या होत्या आणि पलीकडची भाषा चालकाला येईलच असे नव्हते, म्हणून चित्रे. १९३१ च्या जिनिव्हा करारात त्यांचे गट पडले, १९६८ च्या व्हिएन्ना करारात ती आजच्या रूपाजवळ आली आणि १९८० मध्ये भारत त्या करारात सामील झाला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्याच्या परिशिष्टातही चिन्हे होतीच. आजचा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत बंधनकारक, सावधगिरीची आणि माहिती देणारी असे तीन भाग आहेत, तर सोबतच्या केंद्रीय नियमांत कच्च्या लायसनसाठी निदान ६० टक्के उत्तरे बरोबर असण्याची अट आहे. पंधरा प्रश्नांत नऊ, हे गणित तिथून आले. संगणक येण्यापूर्वी निरीक्षक भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून तोंडी विचारत. त्या पद्धतीचे दोष अनेक होते, पण ज्याला अक्षर येत नाही त्यालाही तिथे उत्तर देता येत असे.

२००७ मध्ये केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली आणि परिवहन वाहनाच्या, म्हणजे ट्रक, टॅक्सी, रिक्षाच्या लायसनसाठी आठवी पास ही किमान पात्रता ठरली. ज्यांच्याकडे असे लायसन आधीपासून होते त्यांना नूतनीकरणात सूट मिळाली. त्यामुळे २००६ चा निरक्षर ट्रकचालक कायदेशीर आणि त्याच्याच हाताखाली तयार झालेला क्लीनर २००८ मध्ये अपात्र, असा प्रकार झाला. खासगी मोटारीला तर ही अट कधीच नव्हती. ज्या रस्त्यावर, ज्या पाट्यांखालून मालक स्वतः गाडी चालवू शकत होता, तिथे तितकाच शिकलेला त्याचा चालक पिवळ्या पाटीची गाडी चालवू शकत नव्हता. चिन्हे कळण्याचा प्रश्न असता तर अट दोघांनाही लागायला हवी होती. ती फक्त पोटासाठी स्टिअरिंग धरणाऱ्याला लागली. बॅज, म्हणजे भाड्याची गाडी चालवायचा परवानगी-बिल्ला, काढायला शाळा सोडल्याचा दाखला लागू लागल्यावर दाखले ‘मिळवून’ देणारेही उभे राहिले, त्यात नवल नाही.

या अटीचा पाया २०१७ मध्येच हलला होता. ज्याला आठवीची अट नव्हती त्या हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचे परिवहन वाहनही चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पुढच्या वर्षी केंद्राच्या परिपत्रकानंतर टॅक्सी-रिक्षावाल्यांना वेगळ्या परवानगीची गरज उरली नाही. तरी अट पुस्तकात होती, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात दोन टोके एकदम समोर आली. हलक्या वाहनाचे लायसन असलेला एक चालक मोठ्या वाहनासाठी राजस्थानच्या उच्च न्यायालयात गेला. तो आठवी पास नव्हता. निरक्षर माणसाला रस्त्यावरची चिन्हे आणि सावधगिरीच्या सूचना कळणार नाहीत, तो पादचाऱ्यांना धोकाच आहे, असे म्हणत न्यायालयाने निरक्षरांना दिलेली लायसन मागे घ्यायला सांगितले. त्यानंतर काही आठवड्यांतच केंद्राने अटच काढण्याची घोषणा केली. हरियाणातल्या मेवात भागाची मागणी होती, कारण तिथल्या अनेक घरांचे पोट ड्रायव्हिंगवर चालते. शिवाय देशात सुमारे २२ लाख चालकांची तूट असल्याचे सांगण्यात आले. प्रशिक्षणात चालकाला चिन्हे वाचता येतील याची खात्री करावी, अशी जोड दिली गेली. वर्ष संपायच्या आत नियम बदलला.

न्यायालयाचे म्हणणे सरसकट उडवून लावता येत नाही. आपल्या रस्त्यांवर चित्राच्या जागी मजकूरच जास्त असतो. ‘पुढे गतिरोधक आहे’, ‘अपघातप्रवण क्षेत्र’, ‘वाहने सावकाश चालवा’ हे सगळे अक्षरांत. घाटात तर अख्खी वाक्ये. पण हा दोष पाट्या लावणाऱ्यांचा, चालकाचा नव्हे. गतिरोधकाचे चित्र अनुसूचीत आहे, ते लावले की अक्षर लागत नाही. उलट मराठीत बारावी झालेला चालक कागल ओलांडून हुबळीकडे निघाला की कन्नड पाटीपुढे तोही निरक्षरच. त्याला सांभाळते ते लाल काठाचे त्रिकोणी चित्र. अटीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या मुद्द्याला कधी सरळ उत्तर दिलेले नाही.

वर्षभरानंतर, २०२० मध्ये, आणखी एक दार उघडले. लाल-हिरवा रंग सहज ओळखता येतो का, हा प्रश्न अर्जासोबतच्या स्वघोषणेत असे. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांनाही लायसन देण्याचा मार्ग तेव्हा मोकळा झाला. इथेही चिन्हांची घडण कामी येते. ‘थांबा’ अष्टकोनी, ‘वाट द्या’ उलटा त्रिकोण. रंग दिसला नाही तरी आकार दिसतो.

मग जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात आधारच्या आधाराने कच्च्या लायसनची परीक्षा घरून देण्याची सोय सुरू झाली. खेटे वाचले, कोविडच्या काळात ते मोलाचेही होते. पण परीक्षार्थीऐवजी एजंटच माऊस हाताळतो, अशा तक्रारीही मागोमाग आल्या. आठवीची अट गेल्यामुळे जो पात्र झाला, त्याच्यापुढे आता पडद्यावर लिहिलेला प्रश्न आणि चार पर्याय येतात. तोंडी विचारणारा निरीक्षक घरी नसतो, म्हणून वाचून दाखवायला कुणीतरी शेजारी बसते, आणि ते कुणीतरी पुष्कळदा एजंटच असते. आधार न वापरणाऱ्याला अर्थात आजही आरटीओत जाऊनच परीक्षा द्यावी लागते.