तळलेला कोक, तळलेलं बटर आणि आपला दोदोल

म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत गेलं की भज्यांचा घमघमाट आणि खाज्यांचे ढीग हे ठरलेलंच. पण तिकडे अमेरिकेत, टेक्सासच्या डॅलसमधे दरवर्षी भरणाऱ्या स्टेट फेअरमधे लोक काय काय तळतात ते वाचलं तर खरं वाटत नाही. २००६ साली तिथे तळलेला कोक आला, २००९ ला तळलेलं बटर आणि २०१० ला चक्क तळलेली बिअर. स्कॉटलंडच्या स्टोनहेवनमधे तर त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात मार्स चॉकलेट पिठात बुडवून तळायला लागले होते.

मला यातलं विज्ञान फार आवडतं, कारण यात आतली वस्तू खरं म्हणजे तळलीच जात नाही, तळलं जातं ते वरचं आवरण.

म्हणजे बघा, तेल असतं साधारण १८० अंश सेल्सिअसला. त्यात पिठात बुडवलेला तुकडा सोडला की आवरणातल्या पाण्याची वाफ व्हायला लागते, तो जो चर्रर्र आवाज आणि बुडबुडे दिसतात ना ती ही वाफ. १ ग्रॅम पाणी ० वरून १०० अंशांवर न्यायला १०० कॅलरी पुरतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला अजून ५४० लागतात! त्यामुळे पाणी आहे तोवर तेलाची बरीचशी उष्णता तिथेच खर्च होते, आवरणाचा ओला भाग १०० च्या फार वर जात नाही, आणि बाहेर पडणारी वाफ तेलालाही आत शिरू देत नाही. पृष्ठभाग सुकला की मग तो तापतो, ब्राऊन होतो, कुरकुरीत होतो. तोवर आतल्या बटरला वितळून पळायला वेळच मिळालेला नसतो, त्यात ते आधी फ्रीझरमधे कडक केलेलं. बिअरचंही तेच, पिठाच्या बंद पाकिटात भरायची, काही सेकंद तळून लगेच बाहेर. कोकचा प्रकार मात्र वेगळा, तिथे पीठच कोकच्या चवीचं असतं आणि तळून झाल्यावर वरून कोकचं सिरप ओततात.

आता घरी करायचं तर मी म्हणेन दोदोल घ्या, आपली गोव्याची मिठाई. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ, म्हणजे गरम झाला की तो मऊ पडतो पण बटरसारखा वाहून जात नाही, पिठातला स्टार्च त्याला धरून ठेवतो. छोटे तुकडे कापून फ्रीझरमधे कडक करायचे. पीठ अर्धं मैदा अर्धं तांदळाचं, थोडा सोडा, चिमूटभर मीठ आणि गार पाणी. तांदळाच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे मैद्याला चिवट करणारं प्रथिन, नसतं म्हणून आवरण चिवट होत नाही. थोड्या पाण्याऐवजी फेणी घातली तर अजून छान, अल्कोहोलमधे ग्लुटेन नीट तयार होत नाही आणि अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं त्यामुळे आवरण पटकन सुकतं. फक्त फेणीची बाटली गॅसपासून लांब ठेवा.

फ्रीझरमधून काढलेल्या तुकड्यावर बर्फाचे कण असतील तर ते टिश्यूने पुसायचेच पुसायचे, यात आळस नको. पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ १६०० पट जागा घेते, तेल उसळून कढईबाहेर येतं आणि खाली गॅस पेटलेला. म्हणून कढई अर्ध्यापेक्षा कमीच भरा. तेल पेटलंच तर गॅस बंद करून झाकण घाला, पाणी कधीच ओतायचं नाही.

घाण्याचं खोबरेल यासाठी नको, ते १७५ अंशांच्या आसपासच धुरायला लागतं, रिफाइंड सूर्यफूल बरं. पिठाचा थेंब टाकून बघा, लगेच वर आला की दोन-तीन तुकडे सोडा, जास्त सोडले तर तेल थंड होतं, वाफेचा जोर कमी पडतो आणि सगळं तेलकट होतं. रंग आला की काढा.

आणि काढल्यावर ताबडतोब झाऱ्यावर निथळून टिश्यूवर ठेवा. तेल जास्त करून आत जातं ते कढईबाहेर आल्यावर! तुकडा गार व्हायला लागतो, छिद्रांमधल्या वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून ते गरम असतानाच टिपून घ्यायचं. मिरची भजी असोत नाहीतर दोदोल, नियम एकच.