सेन्सर लावल्यावरही बोट का टोचायचं? एका सूचनेमागचा इतिहास

दंडाच्या मागच्या बाजूला साखर सतत मोजणारा सेन्सर चिकटवला, तासाभराने फोनवर पहिला आकडा दिसला, की नव्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: आता बोट टोचून साखर मोजायचा ग्लुकोमीटर कपाटात टाकला तर चालेल ना? सोबतच्या माहितीपत्रकातलं उत्तर थोडं आडवळणाचं आहे. सेन्सरच्या आकड्यावरून उपचाराचा निर्णय घ्यायला हरकत नाही, पण अंगाला जाणवतंय एक आणि आकडा सांगतोय दुसरंच, असं झालं तर बोट टोचून खात्री करा. ही सूचना कुणी सावधगिरी म्हणून सहज टाकलेली नाही. तिच्यामागे बराच वाद झालेला आहे, आणि त्यातलं निर्णायक वर्ष 2016.

सुरुवात अर्थात खूप मागे जाते. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवून साखर विजेच्या प्रवाहातून मोजता येईल, ही कल्पना 1962 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीतून पुढे आली. आज दंडावर बसणारे बहुतेक सेन्सर याच तत्त्वावर चालतात. 1970 च्या दशकात रुग्णाच्या खाटेशेजारी उभं करावं लागणारं, रक्त सतत ओढून साखर मोजणारं आणि इन्सुलिन सोडणारं यंत्र आलं. 1982 मध्ये जपानमधल्या ओसाकात सुईसारखा सेन्सर त्वचेखाली घालून अंगावर वागवता येणारी यंत्रणा दाखवली गेली. पण हे सगळं संशोधनापुरतंच राहिलं.

खरी निकड निर्माण झाली ती 1993 साली. अमेरिका आणि कॅनडामधल्या टाइप 1 मधुमेहाच्या 1,441 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा प्रसिद्ध झाले. साखर काटेकोर सांभाळली तर डोळे, किडनी आणि नसांचं नुकसान मोठ्या प्रमाणात टळतं, हे त्यातून सिद्ध झालं. पण त्याच चाचणीत काटेकोर उपचार घेणाऱ्या गटात गंभीर हायपो, म्हणजे साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग, सुमारे तिप्पट झाले. म्हणजे साखर खाली ठेवा, पण फार खाली जाऊ देऊ नका. दिवसातून चार वेळा बोट टोचून हे साधायचं, आणि रात्री दोन वाजता काय चाललंय याचा पत्ता नाही. सेन्सरची गरज इथून सुरू होते.

1999 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं यंत्र तीन दिवस चालायचं आणि दर पाच मिनिटांनी एक नोंद ठेवायचं, म्हणजे दिवसाला 288. पण त्यातली एकही नोंद रुग्णाला दिसत नसे. यंत्र दवाखान्यात परत द्यायचं, ते संगणकाला जोडलं जायचं, आणि मग डॉक्टर सांगायचे की परवा पहाटे तुमची साखर उतरली होती. शिवाय यंत्राचा आकडा ग्लुकोमीटरशी जुळवून घेण्यासाठी दिवसातून अनेकदा बोट टोचावं लागायचंच. आकडा रुग्णाच्या शरीरातला, पण पाहायचा अधिकार दुसऱ्याचा, ही व्यवस्था तेव्हा कुणाला विशेष खटकली नाही. रुग्ण आकडे पाहून घाबरेल किंवा मनानेच इन्सुलिन वाढवेल, असा युक्तिवाद होता. तो मला कधीच पटलेला नाही. जो माणूस दिवसातून चार वेळा स्वतःला इन्सुलिन टोचून घेतो, त्याच्यावर हा निर्णय रोज सोडलेलाच असतो.

2001 मध्ये मनगटावर बांधायचं ग्लुकोवॉच आलं. सौम्य विद्युतप्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून ते साखर मोजायचं आणि आकडा थेट रुग्णाला दाखवायचं. पण त्वचा लाल व्हायची, खाजायची. सुरू व्हायला तीन तास लागायचे. आणि घाम आला की नोंद गळायची. हायपोमध्ये दरदरून घाम फुटतो, त्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी हे घड्याळ गप्प बसण्याची शक्यता होती. काही वर्षांत ते बाजारातून गेलं.

2006 च्या आसपास आकडा आणि साखरेची दिशा सांगणारा बाण थेट दाखवणारे त्वचेखालचे सेन्सर रुग्णांच्या हाती आले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या 322 जणांच्या चाचणीत पंचविशीपुढच्या टाइप 1 रुग्णांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए1सी, अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त उतरली. पंधरा ते चोवीस वयोगटात तसा फरक दिसला नाही, कारण त्यातल्या बहुतेकांनी सेन्सर नियमित लावलाच नाही. तरीही या सगळ्या यंत्रांच्या कागदपत्रांत एक अट कायम होती: हे ग्लुकोमीटरला पूरक आहे, पर्याय नाही. सेन्सर काहीही सांगो, इन्सुलिन घेण्यापूर्वी बोट टोचायचंच. ही अट काढायची की नाही, यावरून 2016 चा वाद झाला.

तोवर युरोपात पाणी बरंच पुढे गेलं होतं. 2014 मध्ये तिथे लिब्रे नावाचा सेन्सर आला. चौदा दिवस चालणारा, कारखान्यातूनच जुळवून आलेला, म्हणजे जुळवणीसाठी बोट टोचण्याची गरज नसलेला. दंडाजवळ वाचक यंत्र नेलं की आकडा, बाण आणि मागच्या आठ तासांचा आलेख दिसायचा. बहुतेक वेळा याच आकड्यावर इन्सुलिन ठरवायला तिथे मुभा होती. अमेरिकेच्या औषध आणि वैद्यकीय उपकरण नियामकाने मात्र जुलै 2016 मध्ये यावर तज्ज्ञ समितीची जाहीर बैठक बोलावली. बैठकीपुढचा सेन्सर दुसरा होता, आणि त्याला दिवसातून दोनदा बोट टोचून जुळवावं लागायचंच. मागणी एवढीच होती की जेवणापूर्वीचा डोस ठरवताना सेन्सरचा आकडा पुरेसा मानावा.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे हलके नव्हते. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. पेशींमधल्या द्रवातली मोजतो, आणि तो आकडा रक्ताच्या मागे पाचदहा मिनिटं असतो. साखर वेगाने चढत किंवा उतरत असेल तेव्हा ही पाचदहा मिनिटं महागात पडू शकतात. दुसरं, सेन्सर लावलेल्या बाजूवर कूस करून झोपलं की तिथला द्रव दबतो आणि आकडा खोटा उतरतो. मध्यरात्री पंचावन्नचा इशारा वाजतो, माणूस झोपेतच साखर तोंडात टाकतो, आणि कूस बदलल्यावर थोड्या वेळात आकडा आपोआप वर येतो. तिसरा मुद्दा सगळ्यात गंभीर: त्या सेन्सरला पॅरासिटामॉल चालत नसे. ताप आला म्हणून गोळी घेतली की पुढचे काही तास आकडा खोटा वर जायचा. खरी साखर दीडशे, पडद्यावर अडीचशे, आणि त्यावर घेतलेलं जादा इन्सुलिन. पॅरासिटामॉल जगातल्या जवळजवळ प्रत्येक घरात असतं, हे लक्षात घेतलं की या आक्षेपाचं वजन कळतं.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. लोक हे आधीपासून करतच आहेत. दिवसातून आठ वेळा बोट टोचायला कुणी तयार नाही. कागदावर मनाई असली तरी आकडा पाहून इन्सुलिन घेतलं जातंच. मनाई ठेवली तर ते कसं सुरक्षित करायचं हे शिकवताही येत नाही. आणि ग्लुकोमीटर तरी कुठे अचूक असतो? 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभरच्या वरचे 95 टक्के आकडे पंधरा टक्क्यांच्या आत असले की मीटर उत्तीर्ण. हाताला आंब्याचा रस लागलेला असताना टोचलं तर तो आकडाही भलताच येतो. सेन्सरजवळ एक गोष्ट आहे जी मीटरजवळ नाही: साखर कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चालली आहे हे दाखवणारा बाण. साखर एकशेवीस असून बाण सरळ खाली असेल, तर डोस वेगळाच ठरतो.

पुरावा म्हणून जे मांडलं गेलं त्यात संगणकावर तयार केलेल्या काल्पनिक रुग्णांवरच्या गणितांचा मोठा भाग होता. सेन्सरची सरासरी चूक दहा टक्क्यांच्या आत आली की आकड्यावरून डोस ठरवल्याने धोका फारसा वाढत नाही, असं त्यातून निघत होतं. समितीने फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे, असं 8 विरुद्ध 2 मतांनी म्हटलं, आणि डिसेंबर 2016 मध्ये मान्यता मिळाली. प्रत्यक्ष माणसांवरची चाचणी त्यानंतर काही आठवड्यांत प्रसिद्ध झाली. 226 प्रौढ, सव्वीस आठवडे. सेन्सरवरच डोस ठरवणारे आणि मीटरनेही खात्री करणारे, दोघांच्या नियंत्रणात फरक आढळला नाही. पण त्या चाचणीत हायपोची चाहूलच न लागणारे रुग्ण घेतलेले नव्हते. ज्यांना खोट्या आकड्याचा सर्वात मोठा धोका, तेच मोजणीबाहेर राहिले. निर्णय योग्यच होता असं माझं ठाम मत आहे, तरी ही उणीव तेव्हाच्या जल्लोषात झाकली गेली, असंही तितक्याच ठामपणे म्हणावं लागतं.

निर्णयामागे आणखी एक कारण होतं, आणि ते वैद्यकीय नव्हतं. अमेरिकेत पासष्टीपुढच्या लोकांचा सरकारी विमा सेन्सरचे पैसे देत नसे. तर्क असा की ज्या यंत्राला मीटरचा आधार लागतोच, ते केवळ खबरदारीसाठीचं, उपचाराचं नव्हे. 'पूरक' ही अट गेल्याबरोबर जानेवारी 2017 मध्ये विम्याने 'उपचारात्मक' सेन्सर अशी नवी वर्गवारी काढली आणि पैसे द्यायला सुरुवात केली. तिथेही विचित्र अटी होत्या: काही काळ फोनवर आकडे पाहणाऱ्याला विमा नाकारला जायचा, आणि दिवसातून चार वेळा मीटर वापरत असल्याचा पुरावा मागितला जायचा. ही चार वेळांची अट 2021 पर्यंत टिकली.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. 2018 मध्ये जुळवणीसाठी बोट टोचणं न लागणारे आणि पॅरासिटामॉलचा नेहमीचा डोस चालणारे सेन्सर अमेरिकेत आले. नियामकाने त्यांच्यासाठी अचूकतेचे वेगळे निकष लावले, आणि इन्सुलिन पंपाशी जोडायची वाट त्यामुळे मोकळी झाली. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय सहमतीने लक्ष्यं ठरली: बहुतेक प्रौढांची साखर दिवसातला सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ 70 ते 180 च्या दरम्यान असावी, आणि 70 च्या खाली चार टक्क्यांहून कमी. अहवालात आज जो हिरवा-लाल-पिवळा पट्टा दिसतो तो याच आकड्यांवर बेतलेला आहे. तो विश्वासार्ह धरायला चौदा दिवसांची नोंद लागते आणि त्यातली निदान सत्तर टक्के भरलेली असावी लागते. सेन्सर लावून तिसऱ्या दिवशी निष्कर्ष काढू नका असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

भारतात गोष्ट जरा वेगळ्या क्रमाने घडली. 2015 मध्ये इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पोहोचलेला सेन्सर म्हणजे लिब्रेची 'प्रो' आवृत्ती. दंडावर चौदा दिवस, आकडे रुग्णाला दिसत नाहीत, शेवटी दवाखान्यात वाचक यंत्र लावून आलेख काढायचा. जगात आकडा रुग्णाच्या हाती आल्यानंतर नऊ वर्षांनी आपल्याकडे 1999 चीच पद्धत नव्याने सुरू झाली. तिचा उपयोग झाला हे मान्यच आहे. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी टाइप 2 रुग्णांना पोहे आणि साबुदाण्याच्या खिचडीनंतर साखर किती वर जाते हे पहिल्यांदा त्या आलेखावर दिसलं. पण 'चिप लावली की डॉक्टर बघतात' ही समजूत त्यातूनच रुजली, आणि आकडा थेट दाखवणारा सेन्सर लावलेले लोकही बाणाकडे लक्ष न देता चौदा दिवस काढतात. पैशांचा प्रश्न तर आहेच. एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात आणि बहुतेकांना ते खिशातूनच द्यावे लागतात.

महाराष्ट्रापुरता एक मुद्दा इथे आवर्जून सांगायला हवा, कारण तो सहसा येत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तिथे एचबीए1सी दगा देऊ शकतो, कारण तांबड्या पेशी लवकर मरतात आणि तीन महिन्यांची सरासरी खोटी कमी येते. अशा रुग्णाला सेन्सरची गरज इतरांपेक्षा जास्त. पण सिकलसेलसाठी दिलं जाणारं हायड्रॉक्सियुरिया काही सेन्सरांचा आकडा खोटा वर नेतं, अगदी जुन्या सेन्सरवर पॅरासिटामॉल न्यायचं तसंच. कोणता सेन्सर घ्यायचा हे चालू औषधांची यादी पाहूनच ठरवायला हवं.

2016 चा वाद संपला असं ज्यांना वाटत होतं, त्यांना 2025 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर मिळालं. एका कंपनीने अमेरिकेत सुमारे 30 लाख सेन्सरांबाबत इशारा दिला: एका उत्पादन मार्गावरच्या दोषामुळे ते दीर्घकाळ खोटी कमी साखर दाखवू शकतात. त्याच्याशी संबंध असू शकणाऱ्या 7 मृत्यूंची जगभरातून नोंद झाल्याचंही सांगितलं गेलं. खोट्या कमी आकड्यावर विसंबून माणूस साखर खात राहतो, इन्सुलिन टाळतो, आणि खरी साखर चढतच जाते. जाणवतंय ते आणि आकडा जुळत नसेल तर बोट टोचा, ही सूचना अशाच वेळेसाठी आहे.

त्याआधी 2024 मध्ये अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे सेन्सर आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथल्या नियामकाने, त्वचेला न टोचता साखर सांगणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला किंवा स्मार्ट अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशाराही काढला. आपल्याकडे ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या 'शुगर वॉच'ला तो तंतोतंत लागू आहे. चिठ्ठीशिवायचे सेन्सर मात्र खरे आहेत आणि चांगले चालतात. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातली मुलं ते आईवडिलांसाठी बॅगेतून आणू लागली, तर त्यात नवल नाही. फक्त ते बनवलेत इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी, आणि साखर उतरल्याचा इशारा ते वाजवत नाहीत. आई इन्सुलिनवर असेल किंवा वडील ग्लिमेपिराइड ही साखर फार उतरवू शकणारी गोळी घेत असतील, तर त्यांच्यासाठी इशारा देणारा, चिठ्ठीवर मिळणारा सेन्सरच हवा, आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख उलटलेली नाही ना, हेही पाहायला हवं.